परतणारी नदी

"माझी काडी पुढे!" रेमी पुलावरून ओरडला.

"कसली पुढे? मागे येतेय ती!" डेल्फिन हसली आणि एकदम कठड्यावरून वाकली. शर्यतीसाठी पाण्यात टाकलेल्या तिघांच्याही काड्या चक्क उगमाकडे निघाल्या होत्या!

ईस्टरची सुट्टी होती, माळावरचं बर्फ वितळत होतं. नकाशात या नदीला कुठल्याशा साहेबाचं नाव होतं. आजोबा मात्र वाडवडिलांच्या क्री भाषेत तिला 'परतणारी' म्हणत. का, ते कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे ही खरंच परतते!" डेल्फिन म्हणाली. "खाली मोठ्या नदीत बर्फ तुंबलं असणार. तिचं पाणी इकडे घुसतंय!"

"आणि काठावर मामाचे घोडे आहेत!" धाकट्या जोसीचा चेहरा पडला.

तिघंही मामाकडे धावत सुटली. गाभण घोडी जुनिपर काठावरच होती, आणि तिचं शिंगरू मामाने डेल्फिनला कबूल केलं होतं.

आर्मांमामा तबेल्यापाशी शेजाऱ्याबरोबर पत्ते कुटत होता.

"नदी उलटी वाहतेय? वा! उद्या गाय झाडावर चढेल!"

"मामा, एकदा बघ तरी!"

"हा डाव होऊ दे गं."

नदी काय डाव संपायची वाट बघणार होती? डेल्फिनने घोड्यांच्या ओटची बादली उचलली. रेमीने काठावरच्या कुंपणाचं फाटक सताड उघडलं. बादली खडखडवत ती टेकडी चढू लागली, तसे घोडे लगबगीने मागे आले. जड पोटाची जुनिपर सगळ्यात शेवटी.

"चल गं बाई, चल!" जोसी तिला चुचकारत होती.

"अरे, माझे घोडे! कुठे नेताय?" पत्ते भिरकावून मामा धावला. धापा टाकत वर पोचला आणि झापायला त्याने तोंड उघडलं. जोसीने नुसतं खाली बोट दाखवलं.

बर्फाचे मोठमोठे तुकडे घेऊन पाणी कुरणात शिरलं होतं. बघता बघता कुंपणाचे खांब बुडाले.

"शाब्बास रे पोरांनो!" मागून काठी टेकत आलेले आजोबा म्हणाले. "आर्मां, वाडवडिलांनी ते नाव काय गंमत म्हणून ठेवलं होतं?"

मामा घोडीजवळ गेला. त्याने डेल्फिनचा हात धरून जुनिपरच्या पोटावर ठेवला. आत काहीतरी जोरात हललं.

"लाथ मारली!" डेल्फिन आनंदाने किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"खरं तर मला मारायला हवी होती," मामा म्हणाला.