नाझरेनोचे केस

"दर वर्षी तेच रडगाणं," हिनेस शिडीवरून पुटपुटला. "देवाचे केस अडकतात क्रुसाखाली, आणि मान अवघडते माझी. बोटभर कापा म्हटलं तर हिचा हात धजेल तर शपथ!"

"तुझ्या टकलावर एक तरी उगवून दाखव, मग बोल मेल्या," खालून वीर्तुदेसकाकूंनी फटकारलं.

कासिल्दाला हसू आलं. मूर्ती दुरुस्त करायला ती स्पेनमधल्या सेव्हिया शहरातून एसिहा या गावी आली, त्याला आठवडा झाला होता. हिनेस देवळाचा सेवेकरी आणि काकू नाझरेनोच्या पोशाखाच्या मानकरी. दोघं दिवसभर एकमेकांवर तुटून पडत आणि दुपारी एकाच ताटलीतला, मधात बुडवलेला तळलेला पाव खात.

नाझरेनो, म्हणजे खांद्यावर क्रूस घेतलेला हा येशू, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, बरोक काळातला. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याचेही गुडघे टेकले पाहिजेत, असं पाद्र्यांनी त्या कारागिराला बजावलं असणार. म्हणून डोळे काचेचे, दात हस्तिदंती, नखं बैलाच्या शिंगाची, रक्ताच्या गुठळ्यांना बुचाचा चुरा. कासिल्दा वीस वर्षं अशा मूर्ती उघडून बघत आली होती. आत लाकूड, सरस आणि खिळे. सुतारकाम नीट असेल तरच भक्ती टिकते, असं तिचं साधं मत.

केस मात्र खरे होते. नवसाचे. काकूंच्या मुलीचे, लेओकादियाचे. सोळा वर्षांपूर्वी ती तापाने फणफणली, तेव्हा काकूंनी तिची वेणी कापून इथे वाहिली होती.

"हे तुझ्या डोक्यावर आहेत तोवर तिला माझ्यापासून तोडू नकोस, असं बोलले होते," काकू म्हणाल्या. "ऐकलं हो त्यानं."

मुलगी आता तेनेरिफे बेटावर होती, एका हॉटेलच्या धुलाईखात्यात. गेल्यापासून एकदाही घरी आली नव्हती, असं काकूच सांगत. बाराची घंटा झाली की मूर्तीची मिरवणूक काढणाऱ्या बंधुमंडळाच्या खोलीतल्या फोनवर रोज आईशी बोलायची. फोन वाजला की हिनेसला नेमकं बाहेर काम निघायचं.

वेणी वाहिली त्या वर्षीच्या फोटोत केस खांद्यापर्यंत होते. आता कमरेच्या खाली आले होते.

"मधे केसांचा टोप बदललाय का?" कासिल्दाने विचारलं.

"लाकूड आटतं, बाई," हिनेस म्हणाला. "मूर्तीच लहान होते."

काकू फुलं निवडत राहिल्या.

कासिल्दाने मापं पुन्हा घेतली, जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. मूर्ती तसूभरही आटली नव्हती. वहीत त्या जागी तिने प्रश्नचिन्ह टाकलं आणि पान उलटलं.

टोपाला आतून कसर लागली होती. त्यावरचा उपाय ठरलेला. हवाबंद पिशवी, फ्रीझर, उणे तीस अंश, चौदा दिवस. मधेच उघडलं तर अंडी जगतात, आणि मग ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीत देव टकला निघाला असता. गावाने तिला उभं जाळलं असतं.

"थंडी सोसत नाही तिला," काकू म्हणाल्या.

"केसांना, काकू."

"हो. केसांना."

टोप फ्रीझरमध्ये गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फोन ठेवताना काकूंचा चेहरा उतरला होता. पोरीला थंडी वाजतेय म्हणे. तेनेरिफेत तर सव्वीस अंश! पाचव्या दिवशी तीन ब्लँकेटांतही तिचे दात वाजत होते. सातव्या दिवशी बोटं निळी पडली.

"साथ असेल कसली तरी. डॉक्टरला दाखवायला सांगा," कासिल्दा म्हणाली.

काकू खुर्ची ओढून फोनशेजारच्या फ्रीझरपाशी बसल्या. आपली लोकरी शाल काढून त्यांनी झाकणावर पसरली आणि वरून हात फिरवत राहिल्या, तापल्या पोराच्या उशाशी बसावं तशा.

आठव्या दिवशी बारा वाजून गेले. फोन आला नाही.

नवव्या दिवशीही नाही.

"उघड," काकू म्हणाल्या.

"पाच दिवसच राहिलेत, काकू."

"तिच्याकडे नाहीत गं तेवढे."

कासिल्दा समजूत घालणार होती. शब्द जुळवलेही होते. पण सत्तरीची ती बाई खुर्चीला धरून गुडघे टेकायला लागली. देवापुढे नाही, तिच्यापुढे. कासिल्दाने शाल बाजूला करून झाकण उचललं.

पिशवीला आतून वाफ धरली होती.

उणे तीस अंशांत.

हातमोजा काढून तिने ती फाडली. केसांची टोकं काड्यांसारखी कडक झाली होती. वर टोपाशी मात्र ते ऊबदार होते, थोडे दमट, झोपेतून नुकत्याच उठलेल्या मुलाचे असतात तसे.

टोप मांडीवर घेऊन ती बोटांनी गुंता सोडवू लागली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

फोन वाजला. काकू खुर्चीला धरून उठेपर्यंत कासिल्दानेच एका हाताने रिसीव्हर कानाला लावला.

"आई नाहीये ना ही?" आवाज तरुण होता, दमलेला. "आईचा हात असा नाही."

"कोण बोलतंय?"

"कानामागे गाठ आहे. हळू हं, ताई. ओढ बसते."

कासिल्दाचं बोट गाठीवरच होतं.

तिने रिसीव्हर काकूंच्या हातात दिला, टोप टेबलावर ठेवला आणि ती अंगणात आली. ऊन लख्ख होतं, संत्र्याच्या फुलांचा वास सुटला होता. हिनेस शिडी पुसत होता. ती स्वच्छच होती.

"मुलगी बरी आहे," कासिल्दा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "काकूंना सांगा, एकदा तिला इकडे बोलावून घ्या. गेल्यापासून एकदाही आली नाही म्हणजे काय? नीट तपासून तरी..."

हिनेसने फडक्याची घडी घातली. ती मोडून पुन्हा घातली. आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. मग ऐकत राहिल्याची शांतता, आणि पुन्हा हसणं.

"कुठून बोलावणार?" तो म्हणाला. "तापाच्या पाचव्या दिवशीच गेली ती. मी खांदा दिलाय, बाई. डोकं भादरलेलं दिसू नये म्हणून आईनेच तिला रुमाल बांधला होता."