पिवळ्या चिठ्ठ्या

"आमी मावरं-मासली बी वाट्यावर इकतो, तोलत नाय. न ह्यो डॉक्टर मलाच तोलतंय."

मंजुळा कोळीण औषधांच्या खिडकीला कोपर टेकून पुटपुटत होती. तिचं पुटपुटणं म्हणजे वर्सोव्याच्या बंदरात ऐकू जाईल एवढंच. खिडकीच्या आत नीला परुळेकर औषधाच्या बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवत होती. हसू दाबायच्या नादात पट्टी वाकडी बसली.

"काय झालं मावशी?"

"खोकला झाला. खोकल्याचं वजन काय करायचं गं? म्हाताऱ्या डॉक्टराला दाखवलं, तं ती आया मालन म्हनते, बाजूच्या खोलीत जा, काट्यावर उभी ऱ्हा. मागल्या म्हयन्यात बी तेच."

"तब्येत बघतात ना, चांगलंच आहे."

"माझी तब्येत माझ्या नवऱ्याला दिसते, तेवढी पुरे," मंजुळा म्हणाली आणि एक पिवळी चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली.

त्या चिठ्ठीवरचं गिचमिड अक्षर बघितलं आणि नीलाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आता गिचमिड अक्षर बघून कुणाच्या कानाच्या पाळ्या गरम होतात का? पण ते अक्षर डॉक्टर जयवंत तांडेलांचं होतं, आणि नीलाचं वय चोवीस होतं.

अंधेरीच्या त्या दवाखान्यात तीन डॉक्टर बसत. दवाखाना कोकणातल्या गिरणी कामगारांच्या मंडळाचा. केस पेपरचे दोन रुपये नोंदणीच्या टेबलावर भरायचे, औषध मंडळाकडून फुकट. कुठल्या डॉक्टरने काय दिलं ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या चिठ्ठ्यांचा रंग वेगळा — म्हाताऱ्या रामनाथ सरांच्या पांढऱ्या, मीरा मॅडमच्या गुलाबी, जयवंतच्या पिवळ्या. औषध दिलं की नीला चिठ्ठी तारेला ओवून ठेवी.

रोज दुपारी एकला, शेवटचा पेशंट गेला की जयवंत खिडकीशी यायचा. आपलं अक्षर समजावून सांगायला, असं त्याचं म्हणणं.

"ही कुठली भाषा, डॉक्टर?"

"मोडी."

"मोडी माझ्या आजोबांना येते. त्यांना आणून बसवू इथे?"

"नको यार. त्यांना सगळं वाचता आलं तर मी खिडकीशी कशाला येऊ?"

"म्हणजे मुद्दाम वाईट लिहिता?"

"नाही..." तो गजांवर बोटं वाजवत म्हणाला, "वाईट आपोआप येतं. मुद्दाम फक्त येतो."

नीलाने मान खाली घालून गोळ्या मोजल्या. दोनदा मोजल्या, दोनदा वेगळ्या आल्या. वारा फिरला की वर्सोव्याकडून सुकत्या बोंबलांचा वास दवाखान्यात शिरायचा. लोक नाकाला रुमाल लावत. नीलाला मात्र हल्ली तो वासही बरा वाटू लागला होता. तिथल्याच कोळीवाड्यातून येत होता ना तो... आणि जयवंतही.

असं सगळं छान चाललं होतं, तोवर मंडळाच्या सेक्रेटरींना तक्ता सुचला.

भिकाजी राणे गिरणीत टाइमकीपर होते. संपात नोकरी गेली, मोजण्याची खोड राहिली. मंडळाची वर्गणी आटली होती, औषधांचं बिल मात्र वाढत होतं. एका सकाळी ते आलेखाचा कागद घेऊन हजर झाले.

"मिस परुळेकर, मागच्या महिन्याच्या चिठ्ठ्या काढा. कुठला डॉक्टर एका पेशंटवर औषधाचे किती पैसे घालवतो, किती जणांना महागातल्या कॅप्सूल देतो, तिघांचं शेजारी शेजारी मांडा. पेशंट नोंदणीच्या वहीतून घ्या, औषधं चिठ्ठ्यांवरून. भागाकार करा. शनिवारी चारला कमिटी आहे. खाली सही तुमची."

नीलाने तीन दुपारी बसून तो तक्ता केला. चौथ्या दिवशी सकाळी, भागाकार झाला तेव्हा, तिच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

नोंदणीच्या वहीत तिघांचेही पेशंट सारखेच होते, सहाशेच्या आसपास. रामनाथ सरांचा खर्च पेशंटमागे एक रुपया चाळीस पैसे. मीरा मॅडमचा पाच रुपये वीस. आणि जयवंतचा नऊ रुपये साठ. कॅप्सूल सरांच्या शंभरात चौघांना, मॅडमच्या शंभरात विसांना, जयवंतच्या शंभरात सत्तेचाळीस जणांना.

तिने पुन्हा केलं. पुन्हा नऊ साठ.

नऊ साठ कसे? औषध कंपनीचा तो गुळगुळीत माणूस दर महिन्याला बॅग घेऊन जयवंतच्या खोलीत जायचा. तसा तिघांच्याही खोलीत जायचा... पण सत्तेचाळीस? कॅप्सूलमागे काही मिळतं डॉक्टरांना, असं कॉलेजात मुली कुजबुजायच्या. तेव्हा नीला म्हणाली होती, सगळे तसले नसतात गं.

त्या दुपारी एकला जयवंत आला, तेव्हा खिडकी बंद होती.

"नीला? उघड ना. आज अक्षर फारच वाईट आलंय."

"स्टॉक मोजतेय," आतून आवाज आला. मग चपलांचा आवाज दूर गेला, आणि नीला औषधांच्या खोक्यावर बसून रडली. रडून झाल्यावर, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, तिने पिवळ्या चिठ्ठ्या पुन्हा मोजायला घेतल्या. रकमा नव्हे, नुसत्या चिठ्ठ्या.

हजार आणि वर नऊ.

पेशंट सहाशे. चिठ्ठ्या हजार. ती सावकाश उठली आणि पांढरी तार काढली. सरांच्या चिठ्ठ्या दोनशे भरल्या. त्याही बहुतेक एकेका शब्दाच्या, मलमपट्टीच्या, जंताच्या औषधाच्या, लाल गोळ्यांच्या. सहाशे माणसं सरांसमोर बसली होती आणि औषध फक्त दोनशे जणांना? मग चारशे माणसं औषध न घेता घरी गेली?

तेवढ्यात तिला मंजुळा आठवली. मंजुळाने दाखवलं होतं रामनाथ सरांना. आणि खिडकीतून चिठ्ठी सरकवली होती ती पिवळी. काट्यावर उभी राहून आल्यावर.

दुसऱ्या दिवशी नीला औषधांची खिडकी सोडून पाच मिनिटं सरांच्या खोलीबाहेर उभी राहिली. सरांकडून हातात पांढरी चिठ्ठी घेऊन माणूस बाहेर आला, की आयाबाई मालन त्याला हळूच बाजूच्या, जयवंतच्या दाराकडे वळवायची. "वजन करून जावा हां." साध्या जखमेचा किंवा जंताचा असला तर सोडून द्यायची. मालनने नीलाला पाहिलं आणि नजर खाली घातली.

एक वाजता नीलाच जयवंतच्या खोलीत गेली. तो बेसिनपाशी हात धूत होता.

"अरे वा. आज खिडकीच चालत आली?"

"सरांच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

त्याने नळ बंद केला. बराच वेळ हात पुसत राहिला. "कसल्या चिठ्ठ्या?"

"जयवंत, थापा मारू नकोस माझ्याशी."

दोघंही दचकले. दीड वर्षात तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती, 'तू' तर लांबच. जयवंतने टेबलाचा खण ओढला.

खण पांढऱ्या चिठ्ठ्यांनी भरलेला होता. नीलाने वरच्या दोन-चार उचलल्या. ओळीवर ओळ चढलेली. एका औषधाचं नाव दुसऱ्याच्या पोटात शिरलेलं. एका चिठ्ठीवर शब्द अर्धाच होता. उरलेला शब्द पेनने कागद सोडून टेबलावर लिहिला असणार.

"सरांना काचबिंदू आहे," जयवंत म्हणाला. "समोरचं थोडं दिसायचं, आता तेही नाही. खोकला ऐकून, पोटाला हात लावून निदान करतात, आणि अजूनही माझ्यापेक्षा बरोबर करतात. लिहिताना मात्र वाट लागते. म्हणून मी पेशंटला परत विचारतो, परत लिहितो. माझ्या पॅडवर."

"सरांना माहीत आहे?"

"स्वतःला दिसत नाही हे माहीत आहे. आम्हाला कळलंय, हे माहीत नाही. त्यांना वाटतं, नीट निभावतंय."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"मालनला. मीराला. तुझ्याशिवाय इथे सगळ्यांनाच गं. कुणी बोलत नाही."

"आणि हे सुरू कुणी केलं?"

मग खणाच्या तळाशी हात घालून त्याने टाचणी लावलेली एक जुनी चिठ्ठी काढली. टाचणीखालच्या कपट्यावरचं गोल, नीटस अक्षर नीलाने लगेच ओळखलं. आपलं अक्षर कोण ओळखणार नाही? *डॉक्टर, हा डोस बघाल का? — नीला.*

आठवलं तिला. दोन वर्षांचं पोर, आणि सरांच्या चिठ्ठीवर मोठ्या माणसाचा डोस. सरांकडे जायला हवं होतं. पण त्यांना काय वाटेल म्हणून ती शेजारच्या खोलीत गेली होती. "नजरचूक असेल, त्यांना कशाला सांगायचं," असं म्हणाली होती, आणि जयवंतने पहिली पिवळी चिठ्ठी लिहिली होती.

"मीच," ती पुटपुटली.

"तू एकदा केलंस. नंतरचं माझं." तो टेबलाच्या कडेवर टेकला. "बाबा समुद्रात बुडाले तेव्हा मी बारावीला होतो. आई म्हणाली, आता होडीवर जा. सर घरी आले आणि मला हाताला धरून कॉलेजात नेऊन बसवलं. त्या माणसाला मी सांगू, की सर, पुरे झालं? हा दवाखाना सोडून त्यांना आहे कोण?"

"आणि तक्ता बघून कमिटीने तुला कमिशन खाणारा म्हणून हाकललं तर?"

"दुसरीकडे बघेन."

"माझ्या सहीने हाकलतील, जयवंत."

"मग सही करू नकोस. पण बोलू पण नकोस. शब्द दे."

तिने दिला. देता देता हातातल्या चिठ्ठ्या तिने खणात आपटल्या. ती दारापर्यंत गेली, तेव्हा मागून तो म्हणाला, "काल खिडकी बंद होती ना... कमिटी काय म्हणेल याचं मला काही नाही. तुला मी तसला वाटलो, ते लागलं."

खरंच वाटला होता. पुरते चोवीस तास.

शनिवारी चारला पेशंटच्या बाकांवर कमिटी बसली, कडेच्या बाकावर नीला. डॉक्टरांसाठी समोर वेगळा बाक. भिंतीला आलेखाचा कागद, त्यावर तीन उभे पट्टे. पिवळा पट्टा छतापर्यंत जातो की काय असा.

"रामनाथ सर, एक रुपया चाळीस," भिकाजींनी वाचलं. "याला म्हणतात डॉक्टर. बाकीच्यांनी शिकावं."

टाळ्या पडल्या. रामनाथ सर हसले नाहीत. त्यांनी मान किंचित कलती केली, छातीतली घरघर ऐकताना करायचे तशी.

"डॉक्टर तांडेल, नऊ साठ. सत्तेचाळीस जणांना कॅप्सूल. डॉक्टर, या मंडळाला गिरणीतल्या माणसांनी चार-चार आणे दिलेत. आज त्यांच्या चुली पेटायचे वांधे आहेत. काही सांगायचंय?"

"नाही," जयवंत म्हणाला.

"मग राजीनामा द्या, गाजावाजा नको. मिस परुळेकर, सही."

नीला उभी राहिली. "मी करणार नाही. तक्ता चुकलाय. पेशंट वहीतून घेतले, चिठ्ठ्या मोजल्याच नाहीत. डॉक्टर तांडेलांचे पेशंट सहाशे, चिठ्ठ्या हजार. भागाकार हजाराने केला तर ते मीरा मॅडमच्या जवळपास येतात."

"सहाशे माणसांना हजार चिठ्ठ्या? वरचे चारशे कोण?"

नीलाने जयवंतकडे बघितलं. त्याने अगदी थोडी मान हलवली. नाही.

"ते... मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, सही करता येत नाही." भिकाजींनी चष्मा काढला. "रोज एक वाजता खिडकीशी काय चालतं, ते आम्हाला कळत नाही असं वाटतं? तुम्ही यांची बाजू का घेताय, तेवढं तरी सांगता येईल का?"

"येईल," नीला म्हणाली. "माझं यांच्यावर प्रेम आहे."

हे आपणच बोललो, हे तिला इतरांची तोंडं बघून कळलं. मीरा मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. मालनने पदर तोंडाशी नेला. जयवंत तर असा बसला होता, जणू कुणी त्याच्या डोक्यावर बर्फाची पाटी उपडी केली. मग तो उठला, सगळ्यांसमोर चालत नीलाच्या बाकाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सरक जरा." ती खाली बसून सरकली. तो शेजारी बसला.

भिकाजींनी चष्मा पुन्हा चढवला. "मग झालंच की. असल्या मुलीच्या मोजणीला काय अर्थ? मी म्हणतो, दोघांनाही—"

"थांब भिकाजी," रामनाथ सर म्हणाले. "नीला, माझ्या चिठ्ठ्या किती भरल्या?"

नीलाने पुन्हा जयवंतकडे बघितलं.

"किती गं?"

"दोनशे, सर."

"मी सहाशे माणसं तपासली. प्रत्येकाला या हाताने चिठ्ठी लिहून दिली. बाकीच्या चारशे कुठे गेल्या?"

भिकाजींनी आलेखाकडे बघितलं, मग सरांकडे, आणि ते हळूच खाली बसले. मालन पदरात रडत होती. जयवंतने नीलाचा हात धरला होता.

सरांनी बाकाची कड चाचपली आणि ते उभे राहिले. जयवंत मघाशी डॉक्टरांच्या बाकावर जिथे बसला होता, त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून म्हणाले, "तीस वर्षांत एक रुपया चाळीस पैशांत मी कुणाला बरं केलेलं नाही, जयवंता. ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"सर, मी इथे—" जयवंत उठू लागला.

सरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"भिकाजी, लिहून घे. पोरीची मोजणी बरोबर आहे. मला दिसत नाही."