चघळायचा दोरा

आमच्या भावजींना मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं. बोटीतून उतरून जुम्मा जुम्मा चार दिवस झालेले, कोटांच्या कारखान्यात दिवसभर इस्त्री फिरवायची, भाड्याच्या खोलीत शिंकलं तर पलीकडचा तब्येत विचारतो. पण अध्यक्ष व्हायचं! आणि मंडळ तरी कसलं? जुन्या देशात ज्या गावाने आम्हा ज्यूंना हाकलून दिलं, त्याच गावाच्या नावाने आम्ही इथे मंडळ काढलं. आजाऱ्याला औषध, मेलेल्याला पुरायला जागा आणि जिवंत माणसाला भांडायला रविवार, एवढं ते पुरवतं.

निवडणुकीच्या दिवशी दुपारी मी धाकट्या बहिणीकडे गेले, तर तिचा नवरा, म्हणजे हे आमचे भावजी, नव्या कोटात आरशासमोर उभे. खिशातून रुमाल काढायचा, कपाळ टिपायचं, परत ठेवायचा, अशी भाषणाची तालीम चालली होती. तेवढ्यात छातीवरचं बटण तुटलं.

धाकटी सुई घेऊन आली. कोट काढायला हे तयार नाहीत, घडी मोडते म्हणे. म्हणून तिने दोऱ्याचा तुकडा त्यांच्या तोंडापुढे धरला. आमच्यात अंगावरचा कपडा शिवायचा तर त्या माणसाने दोरा चघळायचा असतो. कपडा अंगावर ठेवून शिवतात तो फक्त मेलेल्याचा, आणि मेलेला काही चघळत नाही.

"अहो, धरा ना दातात."

"ही खुळं बोटीवरूनच समुद्रात टाकायची होती," भावजी म्हणाले. "मी सुधारलेला माणूस आहे."

दाढी काढली की झाली यांची सुधारणा. खुळं मीही मानत नाही, पण बायकोच्या जिवाला बरं वाटावं म्हणून दोरा चघळला तर काही दात पडत नाहीत.

बटण लागलं, पण गाठ बसेना. धाकटीने मारली, सुटली. मी मारली. कारखान्यात मी काजं-बटणंच करते, गाठ माझी बोटं झोपेतही मारतील. तीही सुटली. मेलेल्याच्या कपड्याला आम्ही गाठ मारत नाही की खिसा ठेवत नाही. ते धाकटीला आठवलं असावं, तिचा चेहरा उतरला. दोरा गुळगुळीत आहे म्हणून मी तिला गप्प केलं.

जिन्यात घरमालकीण भेटली. तिने माझी विचारपूस केली, धाकटीची केली. भावजींनी तिला नमस्कार म्हणून काढलेली टोपी हातातच राहिली. सभेत सगळ्यांना चहा मिळाला, यांना नाही.

"मुद्दाम चाललंय," ते माझ्या कानाशी म्हणाले. मलाही राजकारणच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

ते भाषणाला उभे राहिले. लोक शेगडीच्या कोळशाबद्दल बोलत राहिले. यांनी आवाज चढवला, तरी कोळसाच. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी आपला ओव्हरकोट टाकला. शेवटी दुसरा उमेदवार होता तो पाववाला बिनविरोध निवडून आला.

तो सरळ धाकटीकडे आला. डोळ्यांत पाणी होतं.

"अध्यक्ष झाल्यावर पहिलंच काम हे यावं," तो म्हणाला. "कबरस्तानात भिंतीकडची जागा चालेल ना, बाई? झाडाची सावली आहे तिथे."

"कोणाला?" धाकटीने विचारलं.

त्याने मान खाली घातली. भावजी त्याच्या शेजारीच उभे होते.

त्यांचा हात रुमालासाठी कोटाकडे गेला आणि कापडावरून खाली घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला.

मी चाचपून पाहिलं. खिसा नव्हता. उसवलेला नव्हता, शिवून बंद केलेलाही नव्हता. तिथे अखंड कापड होतं.

"ताई," ते म्हणाले, "मी दिसतोय ना तुम्हाला?"

"दिसताय," मी म्हणाले.

धाकटीने बाहीत खोचलेल्या सुईतून दोरा ओढला आणि त्यांच्या तोंडात घातला.

"चघळा."

आमचा सुधारलेला माणूस लहान मुलासारखा मुकाट चघळू लागला. चांगला जबडा हलवून, डोळे मिटून. खूप वेळाने धाकटीने दोरा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

सुईत ओवायचा दोरा मी दिवसभर तोंडात ओला करते. दोऱ्याची ओल माझ्या बोटांना लगेच कळते.

दोरा कोरडा होता.