एका कलमाचा करार

बंदरातून परत आलेली द्राक्षं घेऊन मतीनचा टेम्पो तासगावजवळच्या बेदाणा शेडसमोर थांबला, तेव्हा अर्फा रॅकवर चढून जाळीवर घड पसरत होती.

“जागा न्हाई,” ती वरूनच म्हणाली.

“आवं, बघा तरी. परदेशी जाणारा माल हाय.”

“मग गेला का न्हाई?”

“दोन बड्या देशांच्या युद्धनौका समुद्रात समोरासमोर उभ्या ऱ्हायल्यात. आपली जहाजं सुटंनात.”

“त्यांचं भांडण, अन् जागा आमी द्यायची?” अर्फा हसली… आणि खालचा रॅक तिनं मोकळा करून दिला.

मतीन फौजेत. सुट्टीवर आलेला, म्हणून घरच्या बागेचा माल तोच बघत होता. बेदाणा वाळायला पंधरा दिवस लागतात, त्याला रोज येऊन बघावं लागत नाही. मतीन रोज आला. अर्फाही शेडच्या धुळीत रोज धुतलेली ओढणी घेऊ लागली.

तिचे अब्बा, कुतुबुद्दीन, दारात खुर्ची टाकून पेपर वाचत. एकदा म्हणाले, “ह्यांच्यासंगं युद्धसराव, त्यांच्याकडनं तोफा. आपला देश नक्की कुणाच्या बाजूचा रं?”

“दोस्ती सगळ्यांशी, चाचा. बांधून कुणाशीच घेतलं न्हाई.”

जाळीमागून अर्फाचा आवाज आला, “लय सोयीचं हाय की!”

वाळलेला माल जाळीवरून झाडायच्या दिवशी मतीननं खिशातून एक बिल्ला काढला. युद्धसराव संपताना परदेशी जवानानं दिलेला.

“उद्या निघतोय. हे तुमाला… दोस्तीची खूण.”

रॅकवर चढलेल्या अर्फानं हात पुढं केला नाही. “रविवारी रहिमतपूरचे पाव्हणे येणार हायत, मला बघायला. दोस्ती घेऊन मी काय करू?”

सरहद्दीवर न डगमगणारा गडी जाळीची तार कुरवाळत राहिला.

“मग… करार?”

“कलमं सांगा.”

“एकच. एकावर संकट आलं, तर ते दोघांवर आलं.”

“अन् मुदत?”

“…मुदत न्हाई.”

अर्फानं जाळी जोरात हलवली. सोनेरी बेदाणा मतीनच्या डोक्यावर, खांद्यावर सरसर कोसळला. मग ती खाली उतरली आणि त्याच्या कॉलरमध्ये अडकलेला एक दाणा काढून तिनं तोंडात टाकला.

“गोड हाय,” म्हणाली.

दारातून अब्बांचा आवाज आला. ते फोनवर बोलत होते. “रहिमतपूर का? रविवारी येऊ नका. व्हय… इथं जागा न्हाई ऱ्हायली.”

फोन ठेवून ते आत वळले. “अन् जवान, करारावर सही मोठ्यांची लागते. सांजच्याला आई-बापाला घेऊन ये!”