चौथं अंग सैल

त्या सकाळी सर्व्हर पडला नसता, तर सुग्रीव आपलं काम उरकून दहा मिनिटांत निघून गेला असता, आणि सांगायला गोष्टच उरली नसती.

पण भादव्याचे दिवस होते. वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर बारीक भुरभुर लागली होती. ट्रक जाई, पाण्याचा पंखा उलगडे, मिटे. रस्त्याकडेच्या सेवा केंद्रात तृप्ती एकटीच बसली होती. केंद्र तिच्या काकांचं, रामरावांचं. पण रामराव सकाळी शेतात असत आणि सातबारापासून पेन्शनच्या अंगठ्यापर्यंत सगळा कारभार तृप्तीच पाही. केंद्राला दारं दोन. पुढचं रस्त्याकडे, मागचं शेताकडे. मागच्या दाराला कायम कडी, कारण ते उघडं दिसलं की शेळ्या आत येऊन लोकांचे अर्ज खात.

सर्व्हर पडला की तृप्ती बाजूच्या पडद्यावर आपला खेळ लावी. तिचा मावसभाऊ भारत नोकरीला अमेरिकेत गेला, तेव्हा हे खेळाचं यंत्र तिच्या हवाली करून गेला होता. अमेरिकन फुटबॉल! नाव फुटबॉल, पण पायाला काम थोडं. चेंडू सोललेल्या नारळासारखा, तो छातीशी धरून पळायचं नाहीतर पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलं, की पुन्हा चार प्रयत्न. समोरच्या अकरा जणांनी फक्त अडवायचं. रामराव त्याला ‘नारळाचा खेळ’ म्हणत. इकडची सकाळ म्हणजे तिकडची रात्र, त्यामुळे दहाच्या सुमाराला तिकडचे खेळाडू इंटरनेटवर हमखास भेटत. त्यांच्यात तृप्तीचं नाव होतं ‘गोदाकाठ’.

चढाई तिला सुरेख जमे. अडवणं मात्र… अडवताना तिचे हात शिवशिवत. आपल्या अकरांपैकी एकच गडी आपल्या हातात, उरलेले दहा यंत्र खेळवतं. तृप्ती क्षणाक्षणाला गडी बदलून चेंडूमागे धावत सुटे, आणि तिची पाठ वळली की मागच्या मोकळ्या रानातून समोरचा निवांत निघून जाई.

तसाच तो त्या दिवशीही गेला. तृप्तीने कपाळावर हात मारला.

“मेंढरामागं पळून राह्यल्या तुम्ही, मॅडम.”

तिने चमकून वर पाहिलं. दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे होते, तो स्वतः चिंब होता. पापण्यांवर थेंब अडकलेले, आणि थेंबांमागे हसू.

“काय म्हणलात, दादा?”

“पळणाऱ्या मेंढरामागं पळलं की ते आणखी पळतं. ते जिथं जाणार हाय, तिथं आधी जाऊन उभं राहायचं.”

“हा खेळ माहीत आहे तुम्हाला?”

“बिलकुल न्हाई. आज पहिल्यांदाच पाह्यला.”

“मंग?”

“मेंढरं माहीत हायेत ना.”

तृप्तीला राग यायला हवा होता. आलाही… पण अर्धाच. पुढच्या डावात तिने एकच गडी धरला, मधोमध उभा केला आणि हात आवरून वाट पाहिली. समोरचा धावत आला तो थेट तिच्या गड्याच्या कवेत.

तिने पायाने बाकडं जरा पुढे सरकवलं. “बसा. सर्व्हर यायला वेळ आहे.”

त्याचं नाव सुग्रीव. जांब समर्थच्या अलीकडच्या वस्तीवरचा. वडील कडूबा अजून मेंढरं राखत. सुग्रीव गुरांच्या डॉक्टराच्या हाताखालचा अभ्यासक्रम शिकला होता, आणि पशुधन खात्याच्या भरतीची चौकशी करायला आला होता. अर्ज सुटायला महिना होता. तरी तो तीन दिवसांनी आला, पुन्हा चार दिवसांनी आला. कधी फोटो, कधी जातीच्या दाखल्याची झेरॉक्स, आणि एकदा तर त्याच दाखल्याची पुन्हा झेरॉक्स.

“पहिली कुठं गेली?” तृप्तीने विचारलं.

“शेळीनं खाल्ली.”

“तुमच्याकडं तर मेंढरं आहेत.”

“मेंढरांचं नाव कशाला घेऊ? गरीब जनावर.”

ती हसली, आणि हसताना लक्षात आलं की गेल्या दोन खेपांपासून आपण याला ‘दादा’ म्हणत नाही. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो हळूच म्हणाला, “आज दादा म्हणल्या न्हाई तुम्ही…”

“झेरॉक्सचे दोन रुपये ठेवा,” ती पडद्याकडे पाहत म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, आणि त्या काही पडद्याकडे वळत नाहीत.

अशा गप्पांत अडवण्याची विद्या वाढत गेली. तृप्ती खेळ समजावी, सुग्रीव रान समजावी.

“एक रीत अशी,” ती सांगे, “की ज्यानं त्यानं एकेक गडी वाटून घ्यायचा आणि त्याच्या पाठीला चिकटायचं. दुसरी अशी की गडी सोडायचा, मैदानाचा आपापला तुकडा राखायचा. आपल्या तुकड्यात जो येईल तो आपला.”

“दुसरी आमची. कुत्र्याला आम्ही मेंढरू न्हाई वाटून देत, बाजू वाटून देतो.”

“आणि सगळ्यांनी मिळून फेकणाऱ्यावर तुटून पडलं तर? कधी कधी फार भारी जमतं ते.”

“कधी कधी. पण सगळे कुत्रे एका बाजूला भुंकायला पळाले, की दुसऱ्या बाजूनं कोकरू गेलंच म्हणून समजा.”

एकदा त्याने वाघुरीची गोष्ट सांगितली. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. खुंट्या ठोकून चौफेर ताणतात. “आमची माय काम करता करता ओवी म्हणते,” तो म्हणाला, आणि जरा लाजत, जात्यावरच्या चालीत गुणगुणला—

“तीन अंगी वाघुर, चौथं अंग ठेवा सैल…”

“सैल? म्हणजे मुद्दाम मोकळं?”

“मोकळं दिसू द्यायचं. लांडगा हुशार. आवळून बांधलेल्या बाजूला तो कुठूनही घुसंल, तुम्हाला कळायचं न्हाई. एक बाजू सैल दिसली की तो तिथूनच येतो. अन् तिथं आपला कुत्रा गप पडून राह्यलेला असतो. भुंकत न्हाई, हलत न्हाई.”

“आणि ओवीची दुसरी ओळ?”

“ती मंग कधी सांगतो.”

तृप्तीने ते खेळात उतरवलं. डाव सुरू होण्याआधी आपले गडी कडेकडेला पांगलेले दाखवायचे, मधलं रान रिकामं ठेवायचं. आणि समोरच्याने चेंडू हातात घेतला, की आपला गडी हलकेच मागे सरकवून त्या रानात आणायचा. पंधरा दिवसांत ‘गोदाकाठ’ खालच्या गटातून वरच्या गटाच्या उंबऱ्यापाशी आली. एक सामना जिंकला की सगळ्यात वरचा गट! तिथे तिच्या माहितीत मराठवाड्यातलं कुणी नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात अर्ज सुटले.

तृप्तीने सुग्रीवचा अर्ज भरायला घेतला. नाव, गाव, गुण, सही. शेवटी रकाना आला: नेमणुकीसाठी पसंतीचे पाच जिल्हे, क्रमाने. जो पहिला लिहाल तिथेच बहुधा पाठवतात, हे ती भरणाऱ्या सगळ्यांना बजावून सांगे.

“सांगा, पहिला कोणता?”

बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होतं… टप… टप…

“तो रकाना तुम्ही भरा,” तो म्हणाला. “तुमच्या मनानं.”

“माझ्या? जायचं तुम्हाला आहे.”

“म्हणून तर.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं, आणि नजर काढून घेतली नाही. तृप्तीची बोटं कळांवर थांबली. ‘जालना’, म्हणजे आपलाच जिल्हा, लिहायला तीन अक्षरं. पण ती तीन अक्षरं म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. तिच्या छातीत सगळे कुत्रे एकदम एका बाजूला धावले.

“कोल्हापूर लिहिते,” ती घाईने म्हणाली. “मोठे दवाखाने, शिकायला मिळेल तुम्हाला. मग सांगली, सातारा, पुणे. आणि पाचवा… जालना.”

छापलेला कागद सुग्रीवने दोनदा वाचला. चार घड्या घातल्या.

“बराबर हाय,” म्हणाला. “येतो, मॅडम.”

आणि नंतर तो आला नाही. चार दिवस नाही, आठ दिवस नाही. सर्व्हर तीनदा पडला. बाकडं रिकामंच.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, तृप्तीचा सामना होता. समोर ‘कोल्डक्रीक’ नावाचा अमेरिकेतला कुणी. साडेअकराला शेवटचे चार सेकंद उरले, तेव्हा तृप्ती चार गुणांनी पुढे होती, पण चेंडू त्याच्याकडे, आणि तिची शेवटची रेघ अवघ्या आठ यार्डांवर. त्याचा चौथा, शेवटचा प्रयत्न. रेघ ओलांडली तर तो जिंकला, अडला तर तृप्ती.

बाकड्यावर अर्जांच्या गठ्ठ्यांशेजारी गोपिकाबाई येऊन बसल्या होत्या. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा द्यायला.

“पोरी, माझा अंगठा…”

“मावशी, एकच मिनिट. एक लांडगा यायचाय.”

“कुठून गं बाई?” म्हाताऱ्या गोपिकाबाईंनी पाय वर घेतले.

तृप्तीने तीन अंगं आवळली. मधलं रान मोकळं दाखवलं. आपला गडी बाजूला, जणू त्याला चेंडूशी काही देणंघेणंच नाही. चेंडू निघाला. तिचा अंगठा शिवशिवला… पळू नको. उभी राहा. तिने गडी नुसता दोन पावलं मागे आत सरकवला, आणि तो नारळ हवेत गिरक्या घेत त्या मोकळ्या रानात, बरोब्बर तिच्या गड्याच्या हातात येऊन पडला.

जिंकली! पडद्यावर रंगीत कागद उडाले. ‘कोल्डक्रीक’ने एक ओळ लिहून पाठवली: मध्य मोकळा वाटला होता.

तृप्ती ते शब्द वाचत राहिली. मोकळा वाटला होता.

मोकळी बाजू ओळखायला ती महिनाभर शिकली होती. आणि एका माणसाने अख्खा रकाना तिच्यापुढे मोकळा ठेवला, तेव्हा तिला तो सापळा वाटला. ती आलीच नाही आत. कोल्हापूर लिहून लांब पळाली.

तिने घड्याळ पाहिलं. पावणेबारा. अर्ज दुरुस्तीची मुदत आजचीच, दुपारी बारापर्यंत. तिने अर्ज उघडला. सुग्रीवचा क्रमांक तिला तोंडपाठ होता, कसा ते तिलाच ठाऊक. ‘दुरुस्ती’वर बोट ठेवलं, तसं पडद्यावर आलं: अर्जदाराच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

अर्जदाराच्या! म्हणजे चोरून काही जमणार नव्हतं.

फोन तिसऱ्या घंटीला उचलला गेला. मागे मेंढरांची ब्यां-ब्यां, आणि छत्रीवर पडणारा पाऊस.

“हॅलो… मी तृप्ती. ओटीपी आला असेल. सांगा जल्दी.”

“कशाचा?”

“दुरुस्तीचा. बारा वाजता बंद होतंय.”

“काही चुकलंय का, मॅडम?”

“हो.”

“माझं?”

“न्हाई. माझं.”

मग सुग्रीव सावकाश म्हणाला, “चार… सात… शून्य… दोन… नऊ…”

“आणि सहावा?”

“सहावा मोकळा ठेवलाय.”

“अहो! दहा मिनिटं राह्यली!”

“मंग बोला ना जल्दी. काय दुरुस्त करून राह्यल्या?”

गोपिकाबाई कान देऊन ऐकत होत्या. तृप्तीने त्यांच्याकडे पाठ केली, मग वाटलं, आता काय लपवायचं…

“पहिल्या नंबरला जालना लिहून राह्यले,” ती म्हणाली. “दवाखान्यासाठी न्हाई. तुमच्या मेंढरांसाठी पण न्हाई. तुम्ही लांब गेलात तर… हे बाकडं मला बघवत न्हाई रिकामं. बारा दिवस मी त्यावर अर्जांचे गठ्ठे ठेवले. तरी रिकामंच दिसतं. मला तुम्ही इथं पाहिजेत. बास?”

“आठ,” सुग्रीव म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता. “सहावा आठ हाय… तृप्ती.”

मॅडम नाही. तृप्ती.

तिने आठ दाबला. जालना वर गेलं, कोल्हापूर खाली आलं. बाराला सहा मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरवी खूण उमटली.

“झालं,” ती म्हणाली. “आता ओवीची दुसरी ओळ सांगा. उधार आहे तुमच्याकडं.”

“ऐकायची?” आणि तो भर पावसात, मेंढरांच्या कलकलाटात गुणगुणला—

“तीन अंगी वाघुर, चौथं अंग ठेवा सैल,
चुकलं कोकरू माझं, सांजंला घरा येईल.”

“म्हणजे ती बाजू लांडग्यासाठी नसते?”

“लांडग्यासाठी पण असती. पण माय म्हणते, आधी ती कोकरासाठी. मागं राह्यलेलं येतं ना अंधार पडता पडता… त्याला वाट नको का?” तो थांबला. “मी बारा दिवस सैल ठेवली होती.”

तृप्तीच्या डोळ्यांपुढचा पडदा जरासा धूसर झाला. “प्रिंट न्यायला या,” ती म्हणाली.

“येऊन राह्यलोच. पण मेंढरं हायेत सोबत, हमरस्त्यानं न्हाई येता यायचं. शेतातून येतो.”

“या.”

फोन ठेवून ती उठली. महिनोन्महिने न हललेली मागच्या दाराची कडी गंजली होती. तिने दोन्ही हातांनी ती ओढून काढली. दार कुरकुरत उघडलं. ओल्या तुरीचा, मातीचा वास आत आला. लांब बांधावर एक छत्री हलत होती.

“अगं पोरी,” गोपिकाबाई अंगठा पदराला पुसत म्हणाल्या, “ते दार लाव. शेळ्या येतील आत.”

“येऊ द्या, मावशी,” तृप्ती म्हणाली, आणि बाकड्यावरचे गठ्ठे उचलायला लागली.