वळखलं की

नव्या पेठेतल्या चादरी-टॉवेलांच्या दुकानात गल्ल्यावर बसून बसवेशनं एक गोष्ट अंगी मुरवली होती. कुणीही पायरी चढून "काय शेठ, ओळखलं का?" म्हणालं, की तोंडभर हसायचं आणि सांगायचं, "व्हय की, वळखलं की!" ओळख पटो न पटो. गिऱ्हाइकाला "तुम्ही कोण?" विचारणं म्हणजे त्याला हाताला धरून शेजारच्या दुकानात पोचवणं. चार वाक्यं बोलत ठेवलं की माणूस आपणहून गाव सांगतो, बार्शीचा की मोहोळचा ते कळतं, आणि पुढचं सुरळीत होतं.

दुकान बंद झालं की मात्र खुद्द बसवेशला ओळखणारं फारसं कुणी उरत नसे. आई, कमलम्मा, दोन वर्षांपूर्वी गेली. लग्न राहून गेलं ते गेलंच. घराचं कुलूप काढून आत शिरताना तो चपला मुद्दाम आपटून काढायचा, घरात काहीतरी वाजावं म्हणून.

वर्षभर तो वाट बघायचा ती गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्याची. त्या आठवड्यात त्याला 'बसू' म्हणणारे कॉलेजातले दोन जिवलग सोलापुरात यायचे, पुण्यात नोकरी करणारा मृत्युंजय आणि अकलूजच्या कॉलेजात शिकवणारी चंद्रिका. रोज संध्याकाळी नवं हॉटेल आणि चंद्रिकेनं आणलेली तिकडच्याच द्राक्षांची लाल वाइन. बसवेशच्या घरात या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं. तो कपाळावरची विभूती ओल्या रुमालानं पुसायचा, आरशात चोरासारखा बघायचा आणि निघायचा. तेवढ्या आठवड्यावर त्याचं वर्ष निघायचं.

यंदा पहिल्या संध्याकाळी तो होटगी रोडवरच्या गार्डन हॉटेलात पोचला, तेव्हा टेबलाशी तिघं बसले होते.

तिसरा माणूस त्यांच्याच वयाचा होता. पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, आणि नजर वळवली की विसरून जावा असा चेहरा. तो हसून म्हणाला, "काय, वळखलास का?"

"व्हय की, वळखलं की!" बसवेशच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"बघा," तो माणूस बाकीच्या दोघांना म्हणाला. चंद्रिकेच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मृत्युंजयनं खुर्ची ओढली आणि वाइन ओतायला घेतली.

गप्पा रंगल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं. चटणीवर वाइन आंबट लागते म्हणून मृत्युंजयनं दरवर्षीसारखी कुरकुर केली. बसवेश हसत होता, पण त्याचा एक कान त्या माणसाच्या नावाकडे लागला होता. कुणीतरी हाक मारेलच. पण सगळे त्याला "घे की", "ऐक की", "तूच सांग" एवढंच म्हणत होते. बिचारा दुसऱ्या तुकडीतला असेल, बसवेशनं स्वतःची समजूत घातली. उद्या कळेल.

दुसऱ्या दिवशी विजापूर रोडला तो पुन्हा आला. त्यानंतरही आला. बसवेश कितीही लवकर निघाला, तरी तो आधीच तिथं असायचा, आणि दरवेळी मृत्युंजयच्या आणखी जवळच्या खुर्चीत.

आठवड्याच्या मध्यावर मोहोळकडच्या हमरस्त्यावर जेवताना त्या माणसानं गोष्ट काढली. मृत्युंजयला हॉस्टेलवर टायफॉइड झाला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि दवाखान्यात न्यायला वाहन नाही. "मग काय बे," तो सांगत होता, "सायकलवर डबलसीट घातला. सात रस्त्याच्या चौकात चेन पडली. बसवायला गेलो तर बोट आत."

बसवेशच्या हातातला घास तसाच राहिला. ती सायकल त्याची होती. ते बोट त्याचं होतं.

मृत्युंजयचे डोळे पाणावले. त्यानं त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकला. "तू नसतास तर मी हितं नसतो बे."

माणसानं ग्लास उचलला. त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं नख अर्धंच होतं, कडेला वेडंवाकडं भरून आलेलं, थेट बसवेशच्या नखासारखं.

हात धुवायच्या नळापाशी बसवेशनं चंद्रिकेला गाठलं. वाऱ्यावर भट्टीचा धूर येत होता, मागं ट्रक घुमत होते.

"चंद्रे, खरं सांग. ह्यो कोण हाय गं?"

ती हसायला लागली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. "असं काय करतोस? मला आणि मृत्युंजयला तर आठवतच नव्हतं. तुझ्याकडं बघत बसलो होतो आमी. तूच वळखलास की पहिल्यांदा."

"मी आपलं असंच म्हणलो."

"असंच?" तिनं हात पुसले. क्षणभर ती बसवेशकडे बघत राहिली, बाजारात दर विचारून पुढं जाताना बघतो तशी. "चला, जेवण गार होतंय," ती म्हणाली. चल नव्हे, चला.

त्या रात्री बसवेशला झोप लागली नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटत होती, या वयात दोस्त हरवायच्या धास्तीनं रडू येतंय याची. फोनवर चंद्रिकेनं पाठवलेले फोटो होते. पहिल्या दिवशीच्या फोटोत तो स्वतः कडेला होता. दुसऱ्यात नुसता त्याचा खांदा. आजच्यात तो नव्हताच. मीच काढला असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मग त्याला आठवलं, आजचा फोटो वेटरनं काढला होता.

दुसऱ्या दिवसापासून ठरलेल्या हॉटेलाचं नाव त्याला कुणी कळवेना. फोन लावला की मृत्युंजय "हां हां, बोलतो की नंतर" म्हणायचा. शेवटच्या संध्याकाळी बसवेशनं दुकान लवकर बंद केलं आणि एकेक हॉटेल बघत निघाला. जत्रेच्या मैदानावर आकाशपाळण्याचे दिवे फिरत होते. पार्क चौकाजवळ, काचेच्या दाराआड, त्याला ते दिसले.

तिघं होते. खुर्च्याही तीनच होत्या.

तो टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"बसू, घे की," मृत्युंजय म्हणाला आणि शेंगापोळीची ताटली पुढं केली.

बसवेशनं हात पुढं केला. ताटली त्याच्या हाताखालून सरकली. पांढऱ्या शर्टातल्या माणसानं ती घेतली. त्याच्या कपाळावर घाईनं पुसलेल्या विभूतीचा पांढुरका पट्टा राहिला होता.

"मृत्युंजय," बसवेश म्हणाला. "ह्ये बघ." त्यानं डावा हात दिव्याखाली टेबलावर ठेवला.

तर्जनीचं नख अख्खं होतं. गुळगुळीत.

तो बघत राहिला. त्यानं अंगठ्यानं ते नख चाचपलं. बसू खाली मान घालून पोळीवर तूप घेत होता.

बसवेशला आता एवढंच विचारता आलं.

"मला वळखलास का?"

मृत्युंजयनं वर बघितलं. मग तो तोंडभर हसला. ते हसणं बसवेशच्या ओळखीचं होतं, गल्ल्यावर बसून रोज तो असाच हसत आला होता.

"व्हय की!" मृत्युंजय म्हणाला. "वळखलं की! बसा की, बसा."

त्यानं वेटरला खूण केली. खुर्ची आली, ग्लास आला, कुणीतरी वाइन ओतली. बसवेश बसला. गप्पा पुन्हा सुरू झाल्या, यंदाच्या थंडीच्या, जत्रेतल्या गर्दीच्या, सगळ्यांना चालतील अशा. चंद्रिका त्याच्याकडे बघून मधूनमधून मान डोलवत होती. कुणीतरी याचं नाव घेईल म्हणून ती कान देऊन बसली होती.