गुरांचं कुंपण

लष्कराच्या फाटकाशी माझी जीप बंद पडली, आणि मागून आवाज आला, "ढकलू, की देवाला हाक मारू?"

तो माकाना. खोऱ्यातल्या जुन्या कुटुंबांनी आमच्या पाहणीवर नजर ठेवायला पाठवलेला. मी नोहेआ, पाहणी करणाऱ्या कंपनीची पुरातत्त्ववाली. रणगाड्यांच्या सरावाच्या त्या जमिनीवर कुठले जुने अवशेष जपण्याजोगे आहेत, ते मी ठरवायचं होतं.

"ढकला," मी म्हटलं. "देवाची सोमवारी सुट्टी असते."

तोंडावर लाल धूळ घेऊन तो हसला... आणि माझं लक्ष कामातून उडालं ते उडालंच.

दोन दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. चढावर तो हात पुढे करायचा; मी गरज नसतानाही धरायचे.

"नकाशात एवढं काय बघतेस?"

"तुझ्याकडे बघायला लागू नये म्हणून."

तिसऱ्या दुपारी उन्हातच भुरभुर आली. एका दगडी रांगेपाशी तो थांबला. रणगाडा मधोमध गेल्यामुळे ती फुटली होती.

"आमच्या पणजोबांच्या अळूच्या खाचराचा बांध," तो म्हणाला. "लष्कराने खोरं घेतलं तेव्हा ते इथूनच उठले. चार वर्षांपूर्वी कुणा गाढवाने अहवालात लिहिलं, 'गुरांचं कुंपण, महत्त्व नाही.' मग काय, रस्ता मोकळाच! जवळ तरी आलं असेल का ते गाढव?"

मी हसले. त्याच्याबरोबर चक्क हसले.

ते गाढव मीच होते. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. जीपमधून उतरायचा कंटाळा केला, आणि लांबूनच बघून लिहून टाकलं.

रात्रभर स्वतःची किळस येत राहिली. सकाळी त्याने न्याहारीला भाताची वडी, मुसुबी, पुढे केली. मला ती घेववेना.

"माकाना... ते मी लिहिलं होतं. गाडीतून उतरलेही नव्हते."

त्याने मुसुबी खाली ठेवली. "आणि काल हसलीस?"

"हो."

तो फाटकाकडे चालू लागला.

दोन दिवस मी एकटीने बांध मोजला, एकेक दगड कागदावर काढला. वहीत नव्या अहवालाची पहिली ओळ लिहिली: आधीची नोंद चुकीची, आणि ती माझी. खाली पूर्ण नाव. फोनवर ती ऐकून कंपनीचे साहेब ओरडले, "नाव कशाला? पुन्हा काम मिळायचं नाही तुला!"

"नाही तर नाही."

बांधावर बसल्याबसल्या फोन ठेवला, तर समोर माकाना. त्याने वही मागून घेतली. सावकाश वाचली.

"अजून रागावलायस?" मी विचारलं.

"खूप."

"मग आलास कशाला?"

"घरी बसून नीट रागावता येईना." त्याने वही परत दिली. "मला आवडतेस तू... हीच तर पंचाईत आहे."

"मलाही तू—" मान खालीच होती. वर बघायची अजून लाज वाटत होती.

तो त्या फुटक्या बांधावर माझ्या शेजारी येऊन बसला, अगदी खांद्याला खांदा लावून.